ताटाच्या डाव्या बाजूचे चीज: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी वजन उतरवण्याचे मार्गदर्शन

डच भाषेत चीजला ‘कास’ म्हणतात. मी मूळची साताऱ्याची असल्यामुळे हा शब्द पहिल्यांदा कानी पडला तेव्हा मला फुलांचे पठार आठवले, आणि गाईच्या सडांच्या वरच्या भागालाही मराठीत कासच म्हणतात हे आठवून मनाशी हसूही आले. पुढच्या सव्वा वर्षात हसू मावळले. शाकाहारी माणसाला या देशात कचेरीच्या उपाहारगृहात, आगगाडीच्या फलाटावर, मित्राच्या घरी आणि मुलांच्या वाढदिवसाला एकच गोष्ट हमखास मिळते आणि ती म्हणजे ब्रेडवर चीज. येताना माझे वजन ६१ किलो होते, ते ६९ झाले. पहिला सल्ला सगळ्यांनी एकच दिला, ‘चीज बंद कर.’ मी तीन वेळा बंद केले, तीनही वेळा दोन आठवड्यांत पुन्हा सुरू केले आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त खाल्ले. चौथ्या वेळी बंद न करता मोजायला लागले, आणि अकरा महिन्यांत वजन पुन्हा ६१ वर आले. त्या अकरा महिन्यांत चीज न खाल्लेला आठवडा एकही नव्हता.

आपल्याकडे पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर वाढतात. हे पदार्थ रोज हवे असतात, पण लोणच्याची वाटी भरून कोणी खात नाही. चीजची जागा तिथे आहे. इथे आल्यावर आपण नकळत त्याला भाजीच्या जागी, उजव्या बाजूला बसवतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या चीजला परत डावीकडे नेण्यासाठी आहेत.

आधी काय काय जवळ ठेवावे

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. याला पर्याय नाही.
- ‘कासस्खाफ’, म्हणजे चीजचे पातळ काप काढणारी मधे फट असलेली पट्टी. कोणत्याही सुपरमार्केटात मिळते.
- बारीक किसणी आणि सोलाणे. जुन्या, कडक चीजसाठी ही दोन हत्यारे लागतात.
- एक साधी वही. मोबाइलवरचे अ‍ॅपही चालेल, पण डच चीजच्या नोंदी त्यात अनेकदा चुकीच्या जातीच्या असतात, म्हणून आकडे पाकिटावरूनच घ्यावेत.
- अलीकडचा रक्ततपासणीचा अहवाल आणि चालू औषधांची यादी. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा नैराश्य यांची औषधे चालू असतील तर नववी पायरी आधी वाचावी.

१. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त मोजा

चीज कितीही कमी खात असल्याची तुमची खात्री असली तरी ती बाजूला ठेवा. मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत मला अपघाताने सापडली. प्रत्येक काप मोजत बसण्यापेक्षा रोज रात्री झोपण्यापूर्वी चीजचा उरलेला तुकडाच काट्यावर ठेवायचा आणि आदल्या रात्रीच्या आकड्यातून तो वजा करायचा. घरात दोघे खाणारे असतील तर प्रत्येकाचा तुकडा वेगळा ठेवा, नाहीतर हिशेब एकमेकांवर ढकलला जातो.

माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे: सोमवारी रात्री ५१२ ग्रॅम, मंगळवारी रात्री ४२१ ग्रॅम. मी दुपारी ब्रेडवर दोन काप खाल्ले होते, म्हणजे माझ्या समजुतीने ४० ग्रॅम. प्रत्यक्षात ९१ ग्रॅम गेले होते. उरलेले ५१ ग्रॅम कुठे गेले हे आठवायला मला बराच वेळ लागला. संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभी राहून मी सुरीच्या टोकाने जे नितकोर नितकोर तुकडे तोंडात टाकले होते, तेच हे ५१ ग्रॅम होते. साध्या गौडाच्या, म्हणजे इथल्या रोजच्या पिवळ्या चीजच्या, हिशेबाने ९१ ग्रॅम म्हणजे सुमारे ३३५ कॅलरी, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक कॅलरी मी जेवण म्हणून खाल्ल्याच नव्हत्या.

याच आठवड्यात स्वतःचे वजन रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी घ्या आणि सात दिवसांची सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावर हसू किंवा रडू नका. तो का हलतो ते पुढे येईल.

२. ‘४८+’ या खुणेचा अर्थ नीट समजून घ्या

नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे फसतो, म्हणून थोडा वेळ द्या. डच चीजवर ४८+, ३०+, २०+ असे आकडे असतात. ४८+ म्हणजे त्यात ४८ टक्के चरबी असा अर्थ काढून काही जण घाबरतात. काही जण ३०+ पाहून १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम चरबी समजतात आणि मग पाकिटामागचा तक्ता जुळत नाही म्हणून गोंधळतात. हा आकडा संपूर्ण चीजमधल्या चरबीचा नसून पाणी वगळल्यावर उरणाऱ्या घन भागातल्या चरबीचा आहे.

असे मोजण्यामागे कारण आहे. चीज मुरत जाते तसे त्यातले पाणी उडते, त्यामुळे १०० ग्रॅममागे चरबी किती हा आकडा महिन्यागणिक बदलतो, पण घन भागातले चरबीचे प्रमाण तेच राहते. ताज्या गौडाचे १०० ग्रॅम घेतले तर त्यात साधारण ४० ग्रॅम पाणी असते आणि ६० ग्रॅम घन भाग उरतो. त्या ६० ग्रॅमचे ४८ ते ५० टक्के म्हणजे २९-३० ग्रॅम चरबी. तक्त्यात जवळपास हाच आकडा दिसतो.

व्यवहारासाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. ४८+ ताज्या गौडात १०० ग्रॅममागे सुमारे ३७० कॅलरी, ३० ग्रॅम चरबी आणि २३ ग्रॅम प्रथिने असतात. ३०+ मध्ये सुमारे २९० कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. २०+ मध्ये कॅलरी २५० च्या घरात येतात. म्हणजे चरबी कमी होते तशी प्रथिने वाढतात, आणि प्रथिनांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते. ५०+ आणि ६०+ ही मलईदार मंडळी आहेत, त्यांना सणावारी बोलवावे.

पाकिटामागे चार शब्द शोधा: ‘एनर्खी’ म्हणजे ऊर्जा, ‘फेट’ म्हणजे चरबी, ‘आयविटन’ म्हणजे प्रथिने आणि ‘झाउट’ म्हणजे मीठ. ऊर्जेच्या ओळीत किलोज्यूल आणि कॅलरी असे दोन आकडे असतात, त्यांतला लहान आकडा आपला. मोठा पाहून माझ्या एका मैत्रिणीने पहिला महिना चीजला हातच लावला नव्हता.

३. चीजचे वय ओळखा

चीजचे वय पाकिटावर शब्दात लिहिलेले असते. ‘योंग’ म्हणजे साधारण चार आठवड्यांचे, ‘योंग बेलेखन’ दोन-अडीच महिन्यांचे, ‘बेलेखन’ चार महिन्यांचे, ‘एक्स्ट्रा बेलेखन’ सात-आठ महिन्यांचे, ‘आउट’ म्हणजे जुने, दहा-बारा महिन्यांचे, आणि ‘ओव्हरयारिख’ वर्षापेक्षा जास्त मुरलेले.

जुन्या चीजमध्ये पाणी कमी असते, म्हणून त्याच वजनात कॅलरी जास्त असतात. ४८+ जातीचे जुने चीज १०० ग्रॅममागे ४०० च्या वर जाते. तरीसुद्धा वजन उतरवताना मला सर्वांत जास्त मदत जुन्या चीजनेच केली, कारण त्याची चव इतकी तीव्र असते की १५ ग्रॅममध्ये जीभ समाधान पावते. दाताखाली ते बारीक खडीसाखरेसारखे कण येतात ते मीठ नसून मुरताना प्रथिने फुटून तयार झालेले स्फटिक आहेत. १५ ग्रॅम जुने चीज म्हणजे ६० च्या आसपास कॅलरी. योंग चीज मात्र इतके सौम्य असते की चव लागेपर्यंत दोन काप संपलेले असतात.

म्हणून माझ्या घरात दोन तुकडे असतात. रोजच्या ब्रेडसाठी ३०+ बेलेखन आणि मन लावून खाण्यासाठी ४८+ आउट. एकच तुकडा दोन्ही कामांना वापरू नका. आणि केवळ चरबी कमी आहे म्हणून न आवडणारे २०+ चीज आणूही नका. मी आणले होते, खोडरबरासारखे लागले, आणि त्याची भरपाई म्हणून मी त्याच रात्री चांगले चीज वेगळे खाल्ले.

४. दिवसाचे माप ठरवा

डच आहार केंद्र, म्हणजे ‘फूडिंग्सेंत्रम’, प्रौढांसाठी दिवसाला ४० ग्रॅम चीज पुरेसे मानते, म्हणजे ब्रेडवरचे २० ग्रॅमचे दोन काप. मी हेच माप घेतले आणि दोन भागांत वाटले: दुपारी ३०+ चे २५ ग्रॅम, रात्री आउटचे १५ ग्रॅम. एकूण १३५ कॅलरींच्या आत बसते.

शरीरातली एक किलो चरबी उतरायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते. दिवसाला ३०० ते ५०० ची तूट ठेवली तर महिन्याला सव्वा ते दोन किलोंच्या आसपास उतरते आणि माणूस चिडचिडा होत नाही. त्या तुटीत चीजच्या १३५ कॅलरींना जागा सहज मिळते, ९१ ग्रॅमच्या ३३५ ना मिळत नाही. सगळे गणित एवढेच आहे.

भारतीय शरीरयष्टीत तुलनेने कमी वजनावरच पोटाची चरबी आणि मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून आपल्याकडचे डॉक्टर बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याची, रेषा २५ ऐवजी २३ वर ओढतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठेवायला सांगतात. इथे शेजारीपाजारी सगळे उंच आणि धिप्पाड असल्याने आपण बारीकच आहोत असे वाटत राहते. आरशापेक्षा टेपवर विश्वास ठेवा.

५. कापायला शिका

कासस्खाफ हे हत्यार दिसायला डच वाटते, पण त्याचा जन्म नॉर्वेत १९२५ साली एका सुताराच्या हातून झाला. रंध्याने लाकडाचे पापुद्रे निघतात तसे चीजचे पापुद्रे का निघू नयेत, ही त्यामागची कल्पना. सुरीने कापलेला काप सहज ३० ग्रॅमचा होतो, कासस्खाफने तेवढाच लांबरुंद काप ८ ते १० ग्रॅमचा निघतो. तोंडात चव जाणवते ती पृष्ठभागामुळे, जाडीमुळे नाही, त्यामुळे पापडासारखे तीन पातळ काप एका जाड कापापेक्षा जास्त वाटतात. सुपरमार्केटातली आयती कापलेली पाकिटे सुरुवातीला टाळा, कारण त्यातला एकेक काप २० ते ३० ग्रॅमचा असतो आणि अर्धा काप कोणी परत ठेवत नाही.

काप काढताना पट्टी सगळीकडे सारखी फिरवा. मधूनच ओढत राहिले की तुकड्याला घसरगुंडीसारखा खड्डा पडतो, आणि डच घरात पाहुणे म्हणून गेलेले असताना असा खड्डा पाडणे हे सामायिक ताटातली साय एकट्याने ओढण्यासारखे समजले जाते. जुने चीज या पट्टीने भुगा होते. त्याला सोलाणे किंवा किसणी लावा. बाहेरचे पिवळे, लाल किंवा काळे आवरण प्लॅस्टिकचे असते. ते काढून मग वजन करा. माझ्या सासूबाई पहिल्या भेटीत ते बराच वेळ चावत होत्या.

६. दुपारचा ब्रेड नव्याने रचा

इथल्या पद्धतीचे दोन ब्रेडचे जेवण घ्या. संपूर्ण गव्हाच्या दोन कापांचे १७०, त्यावर दोन्हीकडे मिळून १० ग्रॅम लोण्याचे ७५, आणि ४८+ चे ३० ग्रॅमचे दोन काप म्हणजे २२०. बेरीज ४६५. आता लोणी काढा, त्याजागी मोहरीची डच चटणी चमचाभर फासा, ३०+ चे चार पापुद्रे मिळून ४० ग्रॅम ठेवा आणि त्यावर काकडी, टोमॅटो, मुळ्याच्या चकत्या रचा. बेरीज ३०० च्या आसपास येते. पाच दिवसांच्या कचेरीत ८०० हून अधिक कॅलरी वाचतात, आणि ताटात पाहिले तर दुसरे जेवण मोठे दिसते. त्या दिवशी दुपारीच ४० ग्रॅम झाले, तर रात्रीचे चीज नाही.

चीजखाली लोणी फासण्याची इथली सवय मला आजही कळलेली नाही. तुपाच्या पोळीवर वरून पुन्हा तूप ओतण्याचाच तो प्रकार आहे. वजन उतरवताना एकच गोष्ट बदलायची असेल, तर हे लोणी काढा.

बरोबर ‘कार्नमेल्क’ घ्या. हे आपल्या ताकाच्या खूप जवळचे आहे आणि कपाला साठ-सत्तर कॅलरींपलीकडे जात नाही. चिमूटभर जिरेपूड घातली की घरचे वाटते. ‘तोस्ती’ म्हणजे भाजलेले चीज सँडविच उपाहारगृहात मागताना मात्र लक्षात ठेवा, त्यात चीज किती घालायचे हे समोरचा ठरवतो, तुम्ही नाही.

७. दुकानात काय मागावे

शनिवारच्या बाजारात चीजची गाडी असते. तिथे मी पहिल्यांदा गेले तेव्हा इंग्रजीतल्या औंसाच्या हिशेबाने ‘पाच ऑन्स’ मागितले, म्हणजे माझ्या मनात दीडशे ग्रॅमच्या आत. बाईंनी दोन मुठींची लांब सुरी चाकावर ठेवली, अंगाचा भार टाकून पाचर कापली, कागदात गुंडाळली आणि हातात दिली तेव्हा तिच्या वजनाने मी दचकले. डच ऑन्स म्हणजे १०० ग्रॅम. ‘पोंट’ म्हणजे ५००. मी अर्धा किलो घेऊन घरी आले होते. तेव्हा हे वाक्य पाठ करा: ‘माख इक आंडरहाल्फ ऑन्स बेलेखन, आल्स्तुब्लीफ्त’, म्हणजे दीडशे ग्रॅम बेलेखन द्या. एका माणसाला रोजच्या मापाने ते चार दिवसांपेक्षा थोडे कमी पुरते. मोठा तुकडा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये, घरात जितके असते तितके खाल्ले जाते. गाडीवर चव पाहायला तुकडे देतात, तेही वहीत लिहा.

दोन जाती मुद्दाम सांगते. एक जिऱ्याचे चीज, ‘कोमेनेकास’. त्याचा मूळ प्रकार लेडन गावाभोवतीचा आहे. तिथे मलई लोण्यासाठी काढून घेत आणि उरलेल्या दुधाचे चीज करून त्यात जिरे घालत, त्यामुळे शेतावर बनणाऱ्या खऱ्या लेडन चीजमध्ये चरबी कमी असते. पण सुपरमार्केटात या नावाने मिळते ते बहुतेक वेळा जिरे घातलेले ४८+ गौडाच असते, म्हणून नावावर न जाता आकडा पाहा. दुसरे मेथीदाण्याचे. पहिल्या घासाला अक्रोडासारखे लागते, मग आपल्या मेथीच्या लाडवाची ओळख पटते. गरम भाकरीवर त्याचे १५ ग्रॅम किसून पाहा.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट वजनापेक्षा महत्त्वाची आहे. दूध घट्ट करण्यासाठी लागणारे ‘स्ट्रेम्सल’ पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून मिळते. पाकिटावर ‘फेखेतारिस’ किंवा ‘मिक्रोबीएल’ स्ट्रेम्सल असे असेल किंवा शाकाहाराची व्ही खूण असेल तरच निश्चिंत राहा, नुसते स्ट्रेम्सल लिहिलेले असेल तर प्राणिज धरून चाला. ‘गौडा हॉलंड’ या २०१० पासून युरोपीय महासंघाचे भौगोलिक संरक्षण असलेल्या नावाच्या चीजला नियमानेच वासराचे स्ट्रेम्सल लागते. पार्मेझानचेही तेच.

८. ‘बोरल’मधून सुखरूप बाहेर पडा

शुक्रवारी दुपारी कचेरीत पेयपानाचा कार्यक्रम होतो, त्याला बोरल म्हणतात. टेबलावर चीजचे चौकोनी तुकडे, शेजारी मोहरीची चटणी आणि तळलेले पदार्थ असतात. एक तुकडा साधारण ८ ते १० ग्रॅमचा भरतो, म्हणजे ३० ते ३५ कॅलरी, आणि बोलता बोलता दहा तुकडे कसे जातात हे कळत नाही. माझा नियम असा की कागदी रुमालावर चार तुकडे एकदाच घ्यायचे, टेबलापासून दूर उभे राहायचे, आणि त्या दिवशी दुपारच्या ब्रेडवर चीज घ्यायचे नाही. तुकड्यांना टोचलेल्या काड्या आपल्याच रुमालावर ठेवा, मोजणी आपोआप होते.

शाकाहारी म्हणून हाती ठेवला जाणारा ‘कास-सुफ्ले’ हा दुसरा सापळा. नाव फ्रेंच, प्रकार वड्यासारखा: आवरणात वितळलेले चीज भरून तेलात तळलेला. आणि उपाहारगृहातले शेळीच्या चीजचे सॅलड हलके असेल असे समजू नका. त्यावर मध, अक्रोड आणि तेल असते, ब्रेड वेगळाच. मधाशिवाय आणि तेल बाजूला मागितले तर देतात, मागायला संकोचू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो वर गेलेला दिसेल. ती चरबी नसून खारट खाण्यामुळे शरीरात धरून ठेवलेले पाणी आहे, दोन-तीन दिवसांत उतरते. याच कारणासाठी पहिल्या पायरीत सरासरी लिहायला सांगितली.

९. मीठ आणि औषधे

गौडात १०० ग्रॅममागे सुमारे २ ग्रॅम मीठ असते. ४० ग्रॅममध्ये ०.८ ग्रॅम आले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते आणि आपल्या घरात आमटी, भाजी, लोणचे, पापड यांतून ते आधीच गेलेले असते. चीज ज्या जेवणात असेल त्यात लोणचे-पापड नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

नैराश्यासाठी एमएओआय गटातली औषधे घेणाऱ्यांनी मुरलेले चीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, त्यातल्या टायरामिन या घटकामुळे रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. गरोदर स्त्रियांनी कच्च्या दुधाचे मऊ चीज टाळावे. दूध न पचणाऱ्यांना मात्र एक चांगली बातमी आहे: मुरलेल्या गौडात दुग्धशर्करा जवळपास उरलेली नसते.

१०. घरच्या स्वयंपाकात चीजचे भाऊबंद वापरा

जिथे चीजची चव नको असून फक्त दुधाचा घट्टपणा हवा असतो, तिथे मापातले ४० ग्रॅम खर्च करू नका. ‘माखरे क्वार्क’ म्हणजे बिनचरबीचा क्वार्क हा आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. १०० ग्रॅममागे ६० च्या आत कॅलरी आणि ९-१० ग्रॅम प्रथिने. इथल्या बऱ्याच मराठी घरांत गुढीपाडव्याचे श्रीखंड त्याचेच होते. कोशिंबिरीत, कढीत, पराठ्याबरोबर तो चालतो. ‘ह्युटनकेझ’ म्हणजे दाणेदार ताजे चीज, सुमारे १०० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे. त्याची बुर्जी कांदा, मिरची, हळद घालून करते, फक्त पाणी सुटते म्हणून शेवटी आणि मोठ्या आचेवर घालते. पनीर मात्र हलके समजू नका. साध्या पनीरमध्ये १०० ग्रॅममागे ३०० च्या आसपास कॅलरी असू शकतात आणि आपण ते एका वेळी १०० ग्रॅमच खातो.

आउट चीज स्वयंपाकात वापरायचे झाल्यास शिजवताना घालू नका. विस्तव बंद केल्यावर वरून किसा. भाजलेल्या फुलकोबीवर, टोमॅटोच्या सारावर किंवा ज्वारीच्या गरम भाकरीवर १० ग्रॅमचा कीस पसरला की ताटभर दरवळ येतो. रस्स्यात विरघळवले तर ५० ग्रॅम गेले तरी कळत नाही.

११. वजन उतरायचे थांबले तर

तीन आठवडे सरासरी हलली नाही तर आधी चीजला दोष देऊ नका. मी पाचव्या महिन्यात अशीच अडकले होते आणि रागाने रात्रीचे १५ ग्रॅम बंद करून टाकले. काही झाले नाही. मग एक आठवडा पुन्हा सगळे मोजले तेव्हा कळले की चीज जागेवरच होते, फोडणीचे तेल मात्र चमच्याऐवजी बाटलीतून थेट पडायला लागले होते, आणि दुपारच्या कॉफीबरोबरचे बिस्कीट एकाचे तीन झाले होते. चीजच्या तुकड्याचे रात्रीचे वजन त्याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. आकडा ठरल्याप्रमाणे असेल तर पुढे तेल, साखर, भात या क्रमाने पाहा.

सुट्टीत भारतात गेलात तर एक फरक ध्यानात ठेवा. तिथल्या प्रक्रिया केलेल्या चीजच्या पाकिटावर मिठाऐवजी सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. २०० ग्रॅमच्या पाकिटात दहा काप असतील तर एक काप २० ग्रॅमचा, आठ घन (क्यूब) असतील तर एक घन २५ ग्रॅमचा. पावभाजीच्या गाडीवर त्यातला अख्खा घन किसून घालतात, आणि त्याखाली लोणी आधीच असते. मी गाडीवाल्याला ‘दादा, अर्धाच’ म्हणते, आणि तो दर वेळी पाऊण घालतो. वहीत मी पाऊणच लिहिते.